एकरकमी घेतलं म्हणजे हिशेब संपला का? (अनुवाद, ऑडिओबुक आणि कॉपीराइट कायद्याचं कलम १९)

शब्दभारा | मंगळ, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी,

२०१५ साली मी एका इंग्रजी कादंबरीचा मराठी अनुवाद केला. प्रकाशक पुण्याचे, चांगल्यांपैकी. नाव घेत नाही, कारण भांडायचं की नाही हेच अजून ठरलेलं नाही. मानधन एकरकमी ठरलं होतं, दोन हप्त्यांत आणि वेळेवर मिळालं. त्याबद्दल काडीची तक्रार नाही.

परवा एका मैत्रिणीचा मेसेज आला, "पोळ्या लाटता लाटता तुझं पुस्तक ऐकतेय, काय मस्त वाचलंय गं त्या बाईने!" मी उडालेच. अ‍ॅपवर जाऊन पाहिलं तर खरंच, अख्खं ऑडिओबुक. मूळ लेखकाचं नाव आहे, वाचणारीचं नाव आहे, अनुवादकाचं कुठेच नाही. सुरुवातीच्या निवेदनातसुद्धा नाही. पहिलं वाक्य मात्र माझंच. त्यातल्या एका क्रियापदावरून संपादकांशी माझा चांगलाच वाद झाला होता, ते क्रियापद जसंच्या तसं ऐकू आलं.

प्रकाशकांना फोन केला. ते अगदी प्रेमाने म्हणाले, "ताई, सर्व हक्क दिलेत ना तुम्ही आम्हाला. पैसेही पोचलेत." करार काढून पाहिला. दीड पानाचा आहे. त्यात एवढंच: "सदर अनुवादाचे सर्व हक्क प्रकाशकाकडे राहतील. अनुवादकास वरील रकमेव्यतिरिक्त कोणतेही मानधन देय राहणार नाही."

कायद्याने मला काही मागता येतं का? आणि हे फक्त आम्हा अनुवादकांचं रडगाणं आहे, की लेखक, नट, गायक सगळ्यांचीच ही गत? त्या त्या क्षेत्रातले लोक इथे आहेत म्हणून विचारतेय.

मुरलेला मुरांबा | मंगळ, रात्री ११:१५

कटू बोलतो, राग मानू नका. गवंडी घर बांधतो, मजुरी घेतो, जातो. पुढे मालकाने ते घर भाड्याने दिलं म्हणून गवंडी दर महिन्याला भाड्यात वाटा मागायला येतो का? सही करताना कुणी हात पिरगळला नव्हता. नाव मात्र द्यायला हवं होतं, ते चूकच.

अर्धविराम | मंगळ, रात्री ११:२०

वाचनखूण साठवली. माझ्याकडे असाच एक करार येऊन पडलाय, सही बाकी आहे.

तळटीप | बुध, सकाळी ७:५०

वकिली करतो, पण हा सल्ला नाही, गप्पा समजा. खरा सल्ला कागद हातात घेऊनच देता येतो.

मुरांबाशेठ, गवंड्याचं उदाहरण कायद्यालाच मान्य नाही. अनुवाद ही स्वतंत्र साहित्यकृती आहे आणि तिचा पहिला मालक अनुवादक. प्रकाशकाने काम 'सांगितलं' आणि पैसे दिले, एवढ्याने मालकी त्याच्याकडे जात नाही. पगारी नोकरीत केलेलं काम असेल तर जाते (कॉपीराइट कायद्याचं कलम १७). चित्रपट, फोटो, पोर्ट्रेट यांचेही नियम वेगळे आहेत. घरी बसून कादंबरी मराठीत आणणारी बाई यातल्या कशातच बसत नाही. म्हणजे जे काही प्रकाशकाकडे गेलं ते करारातूनच गेलं, आणि करारात जेवढं आहे तेवढंच गेलं.

आता त्याच कायद्याचं कलम १९ उघडा. हक्क देताना कोणती कृती, कोणते हक्क, किती मुदतीसाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि किती रॉयल्टी किंवा मोबदला, हे लेखी असायला हवं. नसलं तर काय, तेही कायद्यानेच भरून ठेवलंय. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरायची, हे १९(५). प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत, हे १९(६). आणि घेतलेले हक्क वर्षभरात वापरले नाहीत, तर करारात वेगळं काही लिहिलेलं नसल्यास ते परत जातात, हे १९(४).

शब्दभाराताई, म्हणून दोन गोष्टी सांगा. करारात मुदतीचा उल्लेख खरंच कुठे नाही? 'कायमस्वरूपी', 'कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी' असं काही? आणि छापील पुस्तकाची शेवटची आवृत्ती कधीची?

शब्दभारा | बुध, सकाळी ९:०५

नाही. पुन्हा पुन्हा वाचलं. मुदत नाही, प्रदेश नाही, ऑडिओ, ई-बुक असा शब्दही नाही. तिसरी आवृत्ती २०२२ ची. ती निघाली तेव्हा मला पाच प्रती घरपोच आल्या होत्या आणि मी आनंदाने वाटल्याही.

तळटीप | बुध, सकाळी ९:३०

मग ऑडिओ क्षणभर बाजूला ठेवा. २०१५ मध्ये पाच मिळवा. २०२० नंतर छापलेली आवृत्ती कोणत्या हक्काने छापली, हाच पहिला प्रश्न.

समोरचा वकील काय म्हणेल तेही सांगून ठेवतो. तो म्हणेल, 'सर्व हक्क राहतील' याचा अर्थच कायमचे. तो म्हणेल, बाईंनी प्रती घेतल्या, हरकत घेतली नाही, म्हणजे संमती होती. हे मुद्दे पोकळ नाहीत. पण कायद्याने पाच वर्षांचा नियम ठेवलाय तो नेमका अशा मोघम वाक्यांसाठीच.

ऑडिओबद्दल. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कलम १८ मध्ये एक परंतुक (मूळ नियमाला जोडलेली अट) आलं: करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वात नव्हतं किंवा व्यापारी वापरात नव्हतं, त्याचे हक्क स्पष्ट उल्लेखाशिवाय जात नाहीत. इथे ते फारसं उपयोगी नाही. २०१५ मध्ये कॅसेट-सीडीवरची पुस्तकं होतीच, ते म्हणतील माध्यम जुनंच आहे. तुमचा जोर १९ वर असू द्या.

नाव गाळल्याचा मुद्दा वेगळा, कलम ५७ चा. पैशाचे हक्क विकले तरी आपल्या कृतीवर आपलं नाव सांगण्याचा हक्क लेखकाकडेच राहतो. ते पत्र आजच पाठवा, त्यासाठी बाकीचं ठरायची वाट पाहू नका.

जुना खिळा | बुध, दुपारी १२:१०

आता आमचीही बाजू ऐका. मी छोटा प्रकाशक आहे. वडील छापखान्यात खिळे (शिशाची अक्षरं) जुळवायचे, मी संगणकावर जुळवतो, धंदा तोच.

एका आवृत्तीत पाचशे प्रती काढतो. हजार काढायचे दिवस गेले. छापील किमतीतला मोठा वाटा विक्रेत्याच्या कमिशनात जातो. परदेशी पुस्तक असेल तर मूळ लेखकाच्या एजंटला आगाऊ रक्कम द्यावी लागते, ती परत मिळत नाही. कागद, छपाई, बांधणी, गोदामाचं भाडं. अनुवादकाला एकरकमी देतो कारण रॉयल्टीचा हिशेब ठेवायचा तर एक माणूस त्याच कामाला बसवावा लागेल. आणि बहुतेक अनुवादकही एकरकमीच मागतात, 'रॉयल्टी कधी येणार आणि किती येणार, त्यापेक्षा हातात द्या' म्हणून. हे तुम्ही नाकारू शकता का?

तळटीपराव म्हणतात तसा पाच वर्षांचा नियम काटेकोर लावला तर मराठीतल्या निम्म्या अनुवादांचे प्रकाशक उद्या कोर्टात उभे राहतील. जुने करार पोस्टकार्डावर झालेत. काही तर झालेलेच नाहीत.

मुरलेला मुरांबा | बुध, दुपारी १२:४०

+१. आणि पुस्तक पडलं, गोदामात वाळवी लागली, तर अनुवादक पैसे परत करणार आहे का? नफ्यात वाटा हवा, तोट्यात नको, हा कुठला न्याय?

इसारकाठी | बुध, दुपारी ४:२५

म्युनिकहून लिहितोय. मुरांबाशेठचा प्रश्न रास्त आहे, आणि गंमत म्हणजे इथल्या कोर्टांनी नेमका तोच सोडवायचा प्रयत्न केलाय.

जर्मनीत २००२ मध्ये लेखक आणि कलावंतांच्या करारांसाठी कॉपीराइट कायद्यात मोठी दुरुस्ती झाली, १ जुलै २००२ पासून लागू. हेर्टा डॉयब्लर-ग्मेलिन तेव्हा कायदामंत्री होत्या. गाभा दोन कलमांत आहे. ३२ म्हणतं, मोबदला वाजवी हवा. करारात ठरलेला तसा नसेल तर करार वाजवी करून मागता येतो. ३२अ म्हणतं, सही केली तेव्हा रक्कम ठीक असेलही, पण पुढे त्या कृतीने इतकी कमाई केली की दिलेले पैसे आणि मिळालेलं उत्पन्न यांचा काही मेळच राहिला नाही, तर लेखकाला आणखी वाटा मिळतो. आणि हे हक्क आधीच सोडून द्यायला लावता येत नाहीत. करारात 'यापुढे काहीही देय नाही' लिहिलं तरी ते वाक्य तिथे लुळं पडतं.

आता तोट्याचं. २००९ मध्ये इथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयापुढे एका साहित्यानुवादिकेचा दावा आला. पानामागे ठरलेले पैसे तिला मिळाले होते. न्यायालयाने सांगितलं, ते ठेवायचेच, शिवाय पाच हजाराव्या प्रतीपासून पुढे पुठ्ठाबांधणीवर ०.८ टक्के आणि पेपरबॅकवर ०.४ टक्के. म्हणजे पुस्तक पडलं तर नुकसान प्रकाशकाचं, अनुवादक काहीच मागत नाही. चाललं तर वाटा, तोही किती, शंभर रुपयांत ऐंशी पैसे. याला कुणी लूट म्हणेल असं वाटत नाही.

जुना खिळा | बुध, संध्या. ५:००

पाच हजार प्रती! आमच्याकडे पाच हजार प्रती गेल्या तर मी अनुवादकाच्या घरी पेढे घेऊन जाईन, ०.८ कशाला, दोन टक्के देईन.

इसारकाठी | बुध, संध्या. ५:३५

लिहून घेतलं, खिळेकाका.

अवांतर होईल, पण 'दास बूट'ची केस सांगायलाच हवी. दुसऱ्या महायुद्धातल्या पाणबुडीवरचा १९८१ चा चित्रपट. इथल्या बव्हेरिया स्टुडिओत ती पाणबुडी मी आत शिरून पाहिलीय, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला भिंतीला चिकटावं लागतं. त्या बोळकांडीतून योस्ट वाकानो हा छायाचित्रणकार हातात कॅमेरा धरून पळत सुटायचा, आणि चित्रपटाचा जीव त्या पळण्यातच आहे. त्याला मिळाले एकरकमी २,०४,००० मार्क. १९८१ च्या मानाने वाईट नव्हते. पण पुढे तो चित्रपट जगभर गेला, टीव्हीवर पुन्हा पुन्हा लागला, डीव्हीडी निघाल्या.

वाकानोने ३२अ खाली दावा लावला. आता नीट पाहा, त्याची पहिली लढाई पैशासाठी नव्हतीच. किती कमावलंत ते सांगा, एवढीच मागणी. माहिती द्यावी लागेल, हे सर्वोच्च न्यायालयातून २०११ मध्ये ठरलं. मग रकमेची लढाई. म्युनिक आणि श्टुटगार्टच्या न्यायालयांनी पैसे द्यायला सांगितलं, वरच्या न्यायालयाने २०२० मध्ये एक आणि २०२१ मध्ये दुसरं प्रकरण पुन्हा खाली पाठवलं. माणूस १९३४ चा जन्मलेला. आणि कायदा मागे जात नाही, म्हणून २८ मार्च २००२ नंतरच्या कमाईचाच विचार. पहिली वीस वर्षं अशीच गेली.

म्हणून युरोपीय संघाने २०१९ च्या कॉपीराइट निर्देशात हिशेबालाच हात घातला. वाजवी मोबदला एका कलमात आहेच, पण पुढच्याच कलमात लिहिलंय की ज्याने हक्क घेतले त्याने वर्षातून किमान एकदा, कृती कुठे कशी वापरली, किती उत्पन्न झालं, किती देणं निघतं, हे लेखकाला आपणहून कळवायचं. देशांना ७ जून २०२१ पर्यंतची मुदत होती. जर्मनीत २०१७ पासून आणखी एक आहे: एकरकमी घेऊन एकाच प्रकाशकाला सगळे हक्क दिले असतील, तर दहा वर्षांनी लेखक तीच कृती दुसरीकडेही देऊ शकतो.

आणि हो ताई, तुमचं पुस्तक मी इथे बसून उघडलं. जर्मन कार्डावर, युरोत. नमुना वाजतोय. १९(६) म्हणे फक्त भारत?

तळटीप | बुध, संध्या. ६:१०

स्क्रीनशॉट काढून ठेवा. तारीख आणि चलन दिसेल असा.

तिसरी घंटा | बुध, रात्री ११:५५

प्रयोग संपवून आलो, आता वाचलं सगळं.

नाटकवाल्यांची गोष्ट थोडी वेगळी. आमच्याकडे लेखकाला प्रयोगामागे मानधन असतं. म्हणजे नाटक चाललं तर लेखकाचं घर चालतं, त्यासाठी जर्मनीला जावं लागत नाही. आम्हा नटांना नाईट मिळते, म्हणजे प्रयोगामागे ठरलेले पैसे. प्रयोग तितक्या नाइटी. हिशेब बुकिंगच्या खिडकीवर दिसतो, कॉन्ट्रॅक्ट शो (ठेकेदाराने ठोक रक्कम देऊन घेतलेला प्रयोग) असला तर तेही सगळ्यांना माहीत असतं. निर्मात्याने गंडवायचं म्हटलं तरी प्रयोग लपवता येत नाही.

बिघडतं कुठे, तर कॅमेरा आला की. आमच्या एका नाटकाचं चित्रीकरण झालं. दोन दिवस, पाच कॅमेरे, त्याची मिळून एक रक्कम. ते आता एका ओटीटीवर आहे. गावोगावचे लोक भेटून म्हणतात, 'नाटक पाहिलं तुमचं, झकास.' कधी पाहिलं, किती जणांनी पाहिलं, आम्हाला पत्ता नाही. उलट दौऱ्यावर गेलो की ठेकेदार म्हणतो, ऑनलाइन आहे ना, बुकिंग कशाला होईल. म्हणजे आमचीच नाईट आमच्याच रेकॉर्डिंगने खाल्ली.

मालिकांचं तर बोलूच नका. पर डे ठरलेला, चेक नव्वद दिवसांनी. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये शूटिंग बंद होतं, तेव्हा चॅनेलांनी जुन्या मालिका पुन्हा लावल्या. घरात बसून स्वतःलाच टीव्हीवर बघत होतो आणि किराण्याच्या दुकानात उधारी चालू होती. पुनःप्रक्षेपणाचा एक पैसा आला नाही. करारात मागे कुठेतरी 'विश्वात कोठेही, सर्व ज्ञात-अज्ञात माध्यमांत, चिरंतन' असं होतं म्हणे. विश्वात! मंगळावर कुणी ती मालिका लावली तरी निर्माता सुरक्षित.

नटाला कायद्यात काही आहे का हो, तळटीप?

तळटीप | गुरु, सकाळी ८:१५

आहे, पण लंगडं आहे.

मूळ कायदा १९५७ चा, त्यात कलावंत नव्हताच. १९९४ मध्ये त्याला हक्क मिळाले. व्याख्या मजेशीर आहे: नट, गायक, वादक, नर्तक, कसरतपटू, हातचलाखीवाला, गारुडी, व्याख्यान देणारा. गारुडी खरंच आहे, पाहून घ्या. २०१२ मध्ये त्यात ३८अ आलं. त्याचा अर्थ असा: चित्रपटात काम करायला लेखी संमती दिलीत की त्या चित्रपटाच्या वापराला हरकत घेता येत नाही, मात्र त्या कलेचा व्यापारी वापर झाला तर रॉयल्टीचा हक्क राहतो. दृश्य-ध्वनिमुद्रण म्हणजे कायद्याच्या भाषेत चित्रपटच, त्यामुळे तुमचं चित्रित नाटक आणि मालिका त्यात येतात असं म्हणायला जागा आहे. पण किती टक्के? कोणी द्यायची? निर्मात्याने की वाहिनीने? 'व्यापारी वापर' म्हणजे पहिला की पुढचा? कलम गप्प आहे. आणि नटांसाठी गोळा करून वाटणारी यंत्रणा नसेल तर एकटा नट निर्मात्याला नोटीस पाठवून पुढच्या मालिकेत काम मिळवणार कसा, हे तुम्हीच सांगा.

एक मात्र उपयोगाचं. कलम ३९अ मुळे १८ आणि १९ ची बंधनं कलावंतांच्या हक्कांनाही लागू होतात. म्हणजे मुदत नसलेल्या करारावर पाच वर्षांचा मुद्दा नटालाही काढता येतो, आणि ते ऑडिओबुक वाचणाऱ्या बाईंनाही.

काळी पाच | गुरु, सकाळी ११:०५

गाण्याच्या बाजूने मी लिहितो. कीबोर्ड वाजवतो, अरेंजिंग करतो, म्हणजे चालीभोवतीचं वाद्यसंगीत रचतो.

२०१२ ला खरा फायदा झाला तो गीतकार-संगीतकारांचा. त्याआधी १९७७ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल डोक्यावर होता: निर्मात्याने पैसे देऊन गाणं करून घेतलं की, वेगळा करार नसेल तर, मालक तोच. त्याच निकालाला न्या. कृष्ण अय्यर यांनी टीप जोडून गाणाऱ्याच्या पदरात काहीच पडत नाही याबद्दल खंत व्यक्त केली होती. जुने लोक लता-रफी यांच्या रॉयल्टीवरच्या मतभेदाची आठवण सांगतात. लताबाईंचं म्हणणं, गाणं वाजेल तोवर वाटा हवा. रफीसाहेबांचं म्हणणं, पैसे घेतले, विषय संपला. दोघं काही वर्षं एकत्र गायले नाहीत. मुरांबाशेठ, तुमच्या बाजूला रफीसाहेब आहेत, तेवढं समाधान माना.

मग २०१२. राज्यसभेत जावेद अख्तर, मंत्री कपिल सिब्बल, निर्माते आणि संगीत कंपन्या विरोधात, आणि तरी मे महिन्यात दोन्ही सभागृहांनी विधेयक मंजूर केलं. २१ जूनपासून लागू. चित्रपटगृहात चित्रपटासोबत गाणं वाजलं तर काही नाही, पण रेडिओ, रिंगटोन, स्ट्रीमिंग, हॉटेल, कुठेही वाजलं तर गीतकार-संगीतकाराचा समान वाटा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हा वाटा विकताच येत नाही. वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीला (रॉयल्टी गोळा करून वाटणारी संस्था) देता येतो, बस. सोडून दिला असं लिहून घेतलं तर तो करारच तेवढ्यापुरता रद्द. इसारकाठी म्हणतात तसलंच कलम आहे हे.

तरी रेडिओवाले देईनात. शेवटी एप्रिल २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. मनीष पितळे यांनी आयपीआरएसच्या (गीतकार-संगीतकारांची कॉपीराइट सोसायटी) बाजूने सांगितलं की २०१२ नंतर गाणं लावताना ध्वनिमुद्रिकेच्या मालकाबरोबर गीतकार-संगीतकाराचीही रॉयल्टी लागते. कायदा झाल्यावर अकरा वर्षांनी.

आता माझं. मी अरेंजर. अख्ख्या गाण्याचा इंट्रो, इंटरल्यूड माझे. तुम्ही जे गुणगुणता ना, अंतऱ्याआधीचं, ते माझं. मला शिफ्टचे पैसे. संगीतकाराच्या नावाने रॉयल्टी जाते, माझं नाव कधी असतं, कधी नसतं.

अर्धविराम | गुरु, दुपारी १:३०

माझा करार आता परत काढला. ऑडिओसाठी मालिका लिहायची आहे, मोठी कंपनी. शेवटून दुसऱ्या पानावर हे आहे, मी मराठीत सांगते: 'कलम १९(४) आणि १९(५) चा लाभ लेखक मागणार नाही. कलम १९अ खाली कोणतीही तक्रार करणार नाही.' काल हा धागा वाचला नसता तर हे आकडे म्हणजे काय ते कळलंही नसतं. सही करू का?

तळटीप | गुरु, दुपारी २:२०

बघा, करार लिहिणाऱ्याला कलमं पाठ आहेत.

१९(४) करारातून बाजूला ठेवता येतं, कायदाच तशी मुभा देतो. १९(५) चं असं आहे की मुदत लिहिली नसेल तरच ते लागतं. कंपनीने मुदत लिहावी की सरळ! ती न लिहिता 'लाभ मागणार नाही' लिहिणं म्हणजे चोरदरवाजा. १९अ सोडायला लावणं कितपत टिकेल याबद्दल मला दाट शंका आहे. तेच कलम म्हणतं की अटी लेखकाला जाचक असतील तर हक्क दिल्याचा करारच रद्द करता येतो, पाच वर्षं उलटल्यावर. पूर्वी त्यासाठी कॉपीराइट बोर्ड होतं, मग ते काम दुसऱ्या मंडळाकडे गेलं, ते मंडळही २०२१ मध्ये बंद झालं. आता कोर्टाचीच पायरी. दीड लाखाच्या मानधनासाठी ती कोण चढणार, हे कंपनीला पक्कं ठाऊक असतं.

तुम्ही एवढंच मागा: मुदत आकड्यात, माध्यमं नावानिशी, आणि दर सहा महिन्यांनी किती जणांनी किती मिनिटं ऐकलं याचा कागद. पैशाआधी कागद मागा. कंपनी टक्क्यावर घासाघीस करील, पण कागदावरून नाही म्हणाली तर समजून जा.

आणि माझं सगळ्या धाग्यावरचं मत सांगून टाकतो. आपल्या कायद्यात वाट्याचा हक्क गाण्याला दिला, नटाला अर्धामुर्धा दिला, अनुवादकाला आणि कादंबरीकाराला मुदतीच्या नियमाची पळवाट ठेवली. पण किती कमावलं ते लेखकाला आपणहून कळवा, असं बंधन कुठेच नाही. वाकानोची अर्धी हयात जिथे गेली तिथेच आपण सगळे अडलोय.

मुरलेला मुरांबा | गुरु, दुपारी ३:००

कागद द्यायला माझी हरकत नाही. ज्याचा माल वापरला त्याला किती खपला ते सांगावं, यात वाद नाही. वाटा मात्र ठरला असेल तरच. रफीसाहेब झिंदाबाद.

अर्धविराम | शनि, सकाळी १०:२०

कंपनीचं उत्तर आलं. १९(५) चं वाक्य काढलं, मुदत दहा वर्षं लिहिली. 'विश्वात कोठेही' हे मात्र माझ्याही करारात आहे, ते ठेवलंय. हिशेबाबद्दल 'आमचं धोरण तपासून सांगतो'.

शब्दभारा | रवि, रात्री ९:१०

काल प्रकाशकांच्या ऑफिसात जाऊन आले. चहा झाला, पुस्तकावर गप्पा झाल्या. नाव घालायचं त्यांनी लगेच कबूल केलं, अ‍ॅपला माझ्यासमोरच मेल केला. मी पैशाचं बोलले तेव्हा त्यांनी संगणक माझ्याकडे वळवला. अ‍ॅपवाल्या कंपनीकडून वर्षातून एकदा येणारा मेल दाखवला. त्यात त्यांच्या सगळ्या पुस्तकांची मिळून एकच बेरीज. कुठलं पुस्तक किती ऐकलं, भारतात किती, बाहेर किती, काही नाही. "मलाच माहीत नाही तर तुम्हाला काय सांगू?" म्हणाले. खोटं बोलत नव्हते असं वाटलं.

२०२० नंतरच्या आवृत्तीचं मी काढलं तेव्हा मात्र आवाज बदलला. मग म्हणाले, सद्भावना म्हणून काही रक्कम देतो, व्हाउचरवर सही करा. मी दोन दिवस मागून घेतलेत.

जुना खिळा | रवि, रात्री ९:४०

ते एकच बेरीज येण्याचं खरं आहे. मलाही तसंच येतं. विचारलं तर म्हणतात, पुस्तकवार आकडे गोपनीय आहेत. माझ्याच पुस्तकांचे!

तळटीप | रवि, रात्री १०:०५

मग खिळेकाका, तुम्ही आणि ताई एकाच बाजूला आहात. प्रकाशकांनी कंपनीला पुस्तकवार हिशेब लेखी मागावा आणि त्या पत्राची प्रत ताईंना द्यावी, ही अट रकमेआधी घाला.

व्हाउचर घरी आणा, तिथे सही करू नका. त्यावर 'पूर्ण व अंतिम' किंवा 'यापुढे कोणताही दावा राहणार नाही' असं असेल तर ते खोडून घ्या, शेजारी दोघांच्या सह्या, आणि कशाचे पैसे तेही लिहा: तिसरी आवृत्ती की ऑडिओ. त्यांनी खोडायला नकार दिला तर रक्कम घेऊ नका. पुढची मुदत आणि प्रदेश घालून नवा करार करायला ते तयार असतील तर मसुदा मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, बुधवारपर्यंत वाचून देतो.